वाळूत राहणाऱ्या माशांची वाळू ढवळू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर इतके नेटके लिखाण क्वचितच वाचायला मिळते, त्यामुळे आनंद झाला. परंतु ‘तळाशी दोन बोटे वाळू शोभेपुरती पुरे, आणि ती दर आठवड्याला ढवळून घ्यावी’ हा त्यातील सल्ला वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. क्लाउनफिश पाळणाऱ्याला तो एक वेळ चालून जाईल. मात्र त्याच लेखात सुचवलेल्या माशांमध्ये पिवळा रॅस आणि जॉफिश यांचीही नावे आहेत, आणि या दोघांना वाळू लागते ती राहण्यासाठी.

पिवळा रॅस जेमतेम बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. संध्याकाळी टाकीतला दिवा मालवण्याच्या सुमारास तो डोके खाली करून वाळूत सूर मारतो आणि सकाळपर्यंत तिथेच झोपतो. दिवसा कशाने दचकला तरी त्याचा आसरा तोच. कोकणातल्या वाचकांना हे नवल वाटणार नाही, कारण जाळे अंगावर येताच वाळूत शिरणारी मुडदुशी त्यांच्या ओळखीची आहे. या माशाला किमान पाच ते सात सेंटिमीटर बारीक वाळू हवी. पोवळ्यांचे जाड, टोकदार तुकडे घातले तर प्रत्येक बुडीला त्याची कातडी खरवडली जाते आणि तिथून जंतुसंसर्ग सुरू होतो. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू पोत्यात भरून आणण्याचा मोहही टाळावा. तिच्यासोबत काय काय घरात येईल याचा भरवसा नसतो. दुकानात मिळणारी ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाची बारीक वाळू महाग पडते खरी, पण काटकसर करायची ही जागा नव्हे.

नवा रॅस टाकीत सोडला की तो बहुधा लगेच वाळूत नाहीसा होतो आणि कित्येक दिवस दिसत नाही. प्रवासाची भीती असतेच, शिवाय दूरच्या समुद्रातून आलेल्या माशाचा दिवस-रात्रीचा हिशेब आपल्या दिव्यांशी जुळायला वेळ लागतो. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. माझा पहिला पिवळा रॅस चौथ्या दिवशीही वर आला नाही, तेव्हा तो मेला असावा आणि पाणी नासेल, या धास्तीने मी दगड बाजूला काढून हाताने सगळी वाळू उपसली. मासा जिवंत होता. उपसताना त्याला झालेली इजा आणि टाकीत पसरलेला गढूळपणा यांतून मात्र तो वाचला नाही. नंतर आणलेला दुसरा रॅस आठ दिवसांनी आपणहून बाहेर आला. त्या आठ दिवसांत मी अमोनियाची चाचणी करत राहिलो, एवढेच. टाकीत खरोखरच काही कुजत असेल तर ते बहुतेकदा चाचणीत दिसते. त्यासाठी हात घालण्याची गरज नसते.

जॉफिशची गोष्ट निराळी आहे. निळसर अंगाचा, पिवळ्या डोक्याचा जो जॉफिश हौशी लोकांत प्रिय आहे, तो फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातला. दहा सेंटिमीटरचा हा मासा तोंडात वाळू भरभरून बाहेर टाकत उभे बीळ खणतो, शिंपल्यांचे तुकडे आणि खडे आणून त्याच्या भिंती लिंपतो, आणि रात्री एखादा खडा ओढून दार बंद करतो. नर तर अंडी फुटेपर्यंत ती तोंडातच सांभाळतो. असा गवंडी दोन बोटे वाळूत काय बांधणार? त्याला बारा ते पंधरा सेंटिमीटरचा थर हवा, आणि निव्वळ बारीक वाळूचे बीळ ढासळते म्हणून त्यात लहानमोठे तुकडे मिसळलेले हवेत. टाकीतले मोठे दगड आधी थेट काचेवर बसवावेत आणि मग वाळू ओतावी. वाळूवर ठेवलेला दगड खालचे खोदकाम होताच कलंडतो आणि मासा त्याखाली चिरडतो. शिवाय टाकीवर जाळीचे झाकण अत्यावश्यक आहे, कारण घाबरलेला जॉफिश पाण्याबाहेर उडी घेतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

आता ढवळण्याविषयी. जाड थराच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जीवाणू नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात, आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही साचतो. वर्षभर स्थिर राहिलेला असा थर एकदम उकरला तर तो विषारी वायू पाण्यात मिसळतो. म्हणून नळीने केवळ वरवरचा गाळ ओढून घ्यावा, आणि उरलेले काम वाळूत फिरणाऱ्या नासारियस गोगलगायींवर सोपवावे. रॅस आणि जॉफिश आपापल्या जागी वाळू हलवत असतातच.

लेखात गार्डन ईलचे छायाचित्र छापले होते, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. वाळूतून अर्धे अंग बाहेर काढून प्रवाहात डुलणारी ही ठिपक्यांची वाम साधारण चाळीस सेंटिमीटर लांब होते, शेपटीने बीळ पाडते, अंगातल्या चिकट स्रावाने त्याच्या भिंती घट्ट करते आणि मोठ्या वसाहतीत राहते. ती किती बुजरी असते हे टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयाला २०२० मध्ये कळले. साथीमुळे मार्चपासून दारे बंद होती. माणसे दिसेनाशी झाल्यावर तिथल्या सुमारे तीनशे गार्डन ईल कर्मचारी जवळून गेले तरी बिळात दडू लागल्या, आणि त्यांची प्रकृती पाहणेही अवघड झाले. अखेर मे महिन्यात टाकीसमोर टॅब्लेट मांडून लोकांना व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायला बोलावले गेले, तेही मोठ्याने न बोलण्याच्या अटीवर. खोल वाळू, संथ प्रवाह, दिवसातून अनेकदा वाहत येणारे बारीक अन्न आणि सोबतीला स्वजातीय एवढे सारे दिवाणखान्यातल्या तीन फुटी टाकीत जमवणे मला तरी शक्य वाटत नाही.

विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. बहुतेक दुकानांत हे मासे नुसत्या काचेच्या तळावर ठेवलेले असतात, कारण वाळूत दडलेला मासा गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. जेवणाच्या डब्याएवढ्या भांड्यात वाळू भरून ते टाकीत ठेवले तरी माशाचा जीव भांड्यात पडेल, आणि घरी वेगळ्या टाकीत निगराणीखाली ठेवतानाही हाच उपाय करता येतो.

आठवड्याला वाळू ढवळण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे