तीन जांभळ्या, एक गुलाबी : मेणबत्तीवाल्या काकांना पत्र

इंदूर
६ जानेवारी २०२६

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या आधी वर्तुळात मांडतो त्या चार मेणबत्त्यांच्या मधली, नाताळला लावायची पांढरी मेणबत्ती आमच्या घरांत अजून रोज संध्याकाळी लागते आहे, म्हणून पत्र आज लिहितो आहोत. २५ डिसेंबर उलटला की आमचं काम संपलं, असं तुम्हाला वाटलं असेल. पण चर्चच्या उपासनेच्या पंचांगात नाताळ त्या दिवशी सुरू होतो आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे या खेपेस ११ जानेवारीपर्यंत, चालतो. बाजारात नेमकं उलटं. तिथे डिसेंबर लागला की नाताळ, आणि सव्वीस तारखेला सगळ्या चांदण्या अर्ध्या किमतीत.

बावीस घरांसाठी तुम्ही बावीस संच करून दिलेत. प्रत्येकात तीन जांभळ्या, एक गुलाबी, एक पांढरी. मेणाचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. त्याबद्दल आभार आहेतच. पण दिवाळीचा माल उरकून तुम्ही जरा टेकला होतात, तेव्हा तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं उभ्या उभ्या नीट देता आली नव्हती. चारही एकदम का लावत नाही? आणि एकटीच गुलाबी का? ती उत्तरं देणं आमच्याकडे बाकी आहे.

आधी पहिला प्रश्न. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा धरतात. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेही येतो, आणि हा काळ कमीत कमी २२, जास्तीत जास्त २८ दिवसांचा होतो. या खेपेस पहिला रविवार ३० नोव्हेंबरलाच आला, म्हणून २५ दिवस मिळाले. पहिल्या रविवारी एक ज्योत, दुसऱ्या रविवारी दोन, अशी चढण असते. म्हणजे पहिली मेणबत्ती २५ संध्याकाळी जळते, दुसरी १८, तिसरी ११ आणि चौथी जेमतेम ४. नाताळच्या रात्री चौघींची उंची पाहिली की पायऱ्या केल्यासारख्या दिसतात. किती दिवस वाट पाहिली ते आम्ही तिथे मेणात वाचतो.

पण त्या पायऱ्यांचा हिशेब तुम्ही मांडलात. मेणबत्ती काट्यावर ठेवून वजन घ्यायचं, वारा नसलेल्या कोपऱ्यात बरोबर एक तास जाळायची, विझवून पुन्हा वजन करायचं. २ सेंटिमीटर जाडीची तुमची मेणबत्ती तासाला सुमारे ७ ग्रॅम मेण खाते. २५ सेंटिमीटर उंचीची भरते साधारण ७० ग्रॅम, म्हणजे दहा तासांची. रोज अर्धा तास लावली तर पहिलीला साडेबारा तास हवेत. ती १९ डिसेंबरलाच संपणार, चौथा रविवार उजाडायच्या दोन दिवस आधी. वीस मिनिटं लावली तर आठ तास वीस मिनिटं होतात आणि दोन बोटं मेण उरतं. म्हणून प्रत्येक संचावर तुम्ही ‘रोज २० मिनिटं’ अशी चिठ्ठी चिकटवलीत. बऱ्याच घरांत पूर्वी शेवटच्या आठवड्यात पहिलीच्या जागी नवी मेणबत्ती खोचायचे. त्याने पायऱ्यांचा अर्थच पुसला जातो.

तेल मोजून घेतल्याशिवाय दिवा घेऊन निघू नये, असं तुम्ही तेव्हा सहज बोलून गेलात. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दाखला हाच आहे. दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहत असतात. वराला उशीर होतो, सगळ्यांनाच डुलकी लागते. पाच जणींनी भांड्यात जास्तीचं तेल घेतलेलं असतं, पाच जणींनी नाही. झोप लागली म्हणून त्या दाखल्यात कुणालाच दोष दिलेला नाही, कारण शहाण्यासुद्धा झोपल्याच होत्या. चूक एवढीच, की वाट किती लांबेल याचा विचारच पाच जणींनी केला नव्हता. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ‘जागे राहा’ असं वाचन असतं, त्याचा अर्थ आम्ही असाच घेतो. रात्रभर डोळे ताणून बसणं त्यात अपेक्षित नाही, पुरवठा सोबत असणं अपेक्षित आहे.

‘आगमन’ म्हटल्यावर तुम्हाला गणपती आठवला होता, आणि ते स्वाभाविकच आहे. आमच्याकडे मात्र या एका शब्दात तीन आगमनं आहेत. बाराव्या शतकातल्या क्लेरव्होच्या संत बर्नार्डांनी ती मांडली : बेथलेहेमात झालेलं, जगाच्या शेवटी व्हायचं, आणि या दोहोंच्या मध्ये, गाजावाजा न होता माणसाच्या मनात होणारं. उपासनाही तशीच विभागलेली आहे. १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा भर शेवटच्या आगमनावर असतो. १७ तारखेपासून कथा बेथलेहेमकडे वळते. पहिल्या दिवसापासून बाळाची गाणी लावली, तर पहिले दोन आठवडे वायाच जातात. त्या आठवड्यांत बोलायचं असतं ते हिशेबाबद्दल, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल, वाकड्या वाटा सरळ करण्याबद्दल. हा भाग कुणाला फारसा आवडत नाही हे खरं.

आता रंग. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातही तोच असतो. पण दोन्ही काळ सारखे नाहीत. उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष थांबतो, आगमनकाळात तो चालूच राहतो. रविवारच्या मिस्सातलं (चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं) ‘ग्लोरिया’ हे गीत मात्र थांबतं, कारण ते बेथलेहेमच्या रानात मेंढपाळांना ऐकू आलेलं देवदूतांचं गाणं. ते त्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. तिसऱ्या रविवारी निम्मी वाट सरलेली असते, आणि त्या दिवशीचं प्रवेशगीत लॅटिनमध्ये ‘गौदेते’ या शब्दाने सुरू होतं : आनंद करा. शब्द प्रेषित पौलाचे, फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रातले, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिलं आहे. म्हणून त्या एका रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी. सण झाला म्हणून गुलाबी नव्हे, अजून व्हायचा आहे तरीही गुलाबी.

आशा, शांती, आनंद, प्रीती अशी चार नावं मेणबत्त्यांना देतात, तीही तुम्ही ऐकली असतील. मुलांना शिकवायला ती सोयीची आहेत, पण प्रत्येक मंडळीत त्यांचा क्रम सारखा नसतो. त्यावरून वाद घालण्यात काही हशील नाही. आणि मेणबत्त्यांचं हे चक्र मुळात मुलांसाठीच निघालं. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न या लुथरन (प्रॉटेस्टंट) पाळकाने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता. चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, आणि मधल्या वीस दिवसांच्या वीस लहान लाल. रोज एक लावायची, म्हणजे मुलांना मोजता येईल. कॅथलिक चर्चमध्ये ही पद्धत विसाव्या शतकात आली.

गुलाबी रंगाने तुम्हाला त्रास दिला, त्याची आम्हाला कल्पना आहे. जांभळाच रंग कमी घातला की गुलाबी होत नाही, फिकट जांभळा होतो. त्याला लाल रंग वेगळा लागतो, तोही अगदी चिमूटभर. पातळ मेणात रंग गडद दिसतो आणि गोठल्यावर दोन छटा उतरतो, म्हणून पांढऱ्या कागदावर थेंब टाकून तो गार होईपर्यंत तुम्ही थांबत होतात. मेणात न विरघळणारी पूड वापरली तर ती वातीत अडकून ज्योत गुदमरते, हे तुमच्याकडूनच कळलं. यापुढे रंग सियागंज बाजारातून स्वस्तात आणून देण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही.

घरोघरची मांडणीही तुमच्या सांगण्यावरून बदलली. पहिली मेणबत्ती ठेंगणी झाली की तिची ज्योत शेजारच्या उंच मेणबत्तीच्या पोटाशी येते. दोघी जवळ असतील तर उंच असलेली बाजूने वितळून वाकते. म्हणून आता ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार कोपऱ्यांत चौघी लावतात. दोघींत २१ सेंटिमीटर अंतर पडतं. खाली थर्माकोल नको, पितळी परातीत दोन इंच ओली वाळू. मेणबत्ती सरळ उभी राहते आणि पानंही टिकतात. थंड देशांत फर किंवा स्प्रूसच्या डहाळ्या वापरतात, आपल्याकडे मोरपंखी आणि अशोकाची पानं. मोरपंखी आठ-दहा दिवसांत वाळते आणि वाळली की भुरकन पेटते, तेव्हा ती दर रविवारी बदलायची आणि ज्योतीपासून निदान चार बोटं खाली ठेवायची. सदाहरित पान म्हणजे न सुकणारं जीवन, असा त्याचा अर्थ. चार आठवडे तेच वाळकं पान ठेवलं तर अर्थही राहत नाही आणि घरही धोक्यात. दाराच्या झोतात परात ठेवली तर मेण एकाच बाजूने ओघळतं, हेही बऱ्याच जणांना नव्याने कळलं.

सर्वांत जास्त आभार मात्र एका नकाराचे. पहिला रविवार दोन दिवसांवर आला होता, पांढऱ्या मेणबत्त्या साच्यात होत्या. गार पाण्यात बुडवून लवकर काढता येतील का, असं आम्ही विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. मेण बाहेरून आधी आवळतं, आतलं अजून कोमट असतं, आणि घाई केली की अंगावर केसासारख्या चिरा पडतात. शिवाय गोठताना वातीभोवती खळगा पडतो, तो दुसऱ्या ओतीने भरायचा असतो, आणि ती ओत पहिली पुरती बसल्याशिवाय धरत नाही. इंदुरात थंडी पडू लागली होती, तर तुम्ही उलट साच्यांवर गोणपाट टाकलंत. सावकाश निवू दे, म्हणालात.

मराठीत बाळंतपणाला एक सुंदर शब्दप्रयोग आहे : दिवस भरणं. लूकच्या शुभवर्तमानात मरियेचे दिवस भरले, असंच येतं. पहिलटकरीण आपल्याकडे माहेरी जाते. मरियेला भरल्या दिवसांत घर सोडून नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं, नाव नोंदवायला. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, म्हणजे इथून उज्जैनला जाऊन परत येण्याइतकं. तिच्या वाट पाहण्यात रिकामं बसणं कुठेच नव्हतं. चालणं होतं, मुक्काम शोधणं होतं, आणि आत एक काम आपल्या गतीने चाललेलं होतं. ते कुणाला लवकर उरकता येत नव्हतं. चौथ्या रविवारी तिचीच कथा असते, नाहीतर योसेफाच्या स्वप्नाची. या खेपेस तो २१ डिसेंबरला आला, वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या दिवशी.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी प्रभूला सात जुन्या नावांनी हाक मारतात : ज्ञान, स्वामी, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. ‘उगवता प्रकाश’ हे नाव नेमकं २१ तारखेचं. या सात नावांच्या मूळ लॅटिन रूपांची पहिली अक्षरं शेवटाकडून वाचली की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात. अर्थ : उद्या मी असेन. २३ तारखेला शेवटची हाक झाल्यावर हे उत्तर पूर्ण होतं, आणि दुसऱ्या दिवशी नाताळच्या जागरणाची रात्र. नावं उलटी वाचल्याशिवाय उत्तर सापडत नाही, ही गंमत तुमच्या नातवंडांना आवडेल.

येशू खरंच २५ डिसेंबरला जन्मला का, हेही तुम्ही विचारलं होतंत. शुभवर्तमानांत तारीख नाही. चौथ्या शतकात रोममध्ये या दिवशी जन्मोत्सव पाळत असल्याची नोंद मिळते. गोठ्याच्या देखाव्याचं श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिसला देतात. त्याने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला. आपलं रेड चर्च त्याच फ्रान्सिसच्या नावाचं आहे. घरच्या देखाव्यात २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात, बाळ मागाहून. पाहुण्यांना वाटतं, मूर्ती हरवली.

आपले,
मराठी प्रार्थना-गटातील बावीस घरं

ता. क. : २०२६ मध्ये दिवाळी ८ नोव्हेंबरला आणि आमचा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. मध्ये तीनच आठवडे आहेत, म्हणून ऑर्डर आत्ताच कळवतो. आगमनकाळ २६ दिवसांचा, म्हणजे पहिली मेणबत्ती आठ तास चाळीस मिनिटं जळेल. माप हेच ठेवावं. २०२८ ला मात्र पहिला रविवार ३ डिसेंबरला येतो आणि चौथा थेट २४ डिसेंबरला. त्या वर्षी चौथी मेणबत्ती एकच संध्याकाळ जळणार. उरलेले बुंधे वाती काढून, जांभळे, गुलाबी आणि पांढरे वेगळ्या पिशव्यांत भरून ११ तारखेनंतर पोहोचवतो. गुलाबीच्या पिशवीत एक जांभळा तुकडा गेला तरी सगळी ओत बिघडते, हे प्रत्येक घरी सांगितलं आहे.