मध्येच थांबावे लागले तर

कोपरखैरणे, नवी मुंबई
8 जून 2025

प्रिय विक्रम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांत तू फोनवर दोनदा पुढच्या शिक्षणाच्या खर्चाचा विषय काढलास आणि दोन्ही वेळा मी "बघू, निवांत बोलू" असे म्हणून तो टाळला, याचा तुला राग आला असेल. खरे कारण असे की आमच्या दीड खोलीच्या घरात निवांत बोलायला कोपरा नाही. नाना शेजारीच खाटेवर असतात, आणि मला जे सांगायचे आहे त्यात त्यांचाच उल्लेख पुन्हा पुन्हा येणार होता. म्हणून शेवटी लिहायला बसलो. पत्र लांबेल, पण पैशाचा विषय आपण दोघांनी आजवर कधी सरळ काढलाच नाही, त्यामुळे एकदा लांबले तरी चालेल.

तुझ्यापुढचे तीन रस्ते मला समजले आहेत: पुण्यात खोली घेऊन दोन वर्षे राज्यसेवेची तयारी करायची, शैक्षणिक कर्ज काढून इकडे एखाद्या खासगी महाविद्यालयात एमसीए, म्हणजे संगणकाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, करायची, किंवा कराडला मिळते आहे ती बारा हजारांची नोकरी धरायची. त्यात आबा ओढ्याकडचा तुकडा गहाण टाकायची भाषा करू लागले आहेत आणि सायलीची बारावी होऊन तिचाही प्रवेश याच वर्षी आला आहे. तू मला विचारलेस, "सगळ्यात कमी खर्च कशात?" मला वाटते हा प्रश्नच अर्धवट आहे. पण त्याआधी आमच्या घरात काय घडले ते तुला ठाऊक असायला हवे, कारण त्यातले बरेचसे मी तेव्हा तुझ्यापासूनही लपवले होते.

2019 मध्ये दहावीनंतर मी अकरावी न घेता वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत पदविकेला गेलो, तेव्हा तुला नवल वाटले होते. गुण पुरेसे होते आणि वाशीतले शिकवणीवाले घरापर्यंत माहितीपत्रके घेऊन येत होते. बारावीपर्यंतच्या दोन वर्षांच्या शिकवणीचा जो आकडा त्यांनी सांगितला, तो नानांच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीइतका होता. तंत्रनिकेतनाचे शुल्क मात्र वर्षाला आठ हजारांच्या आतबाहेर होते. पण माझा निर्णय त्या आकड्यांच्या फरकाने झाला नाही. त्या रात्री नानांनी पेटीतून माथाडी मंडळाच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांच्या टोळीला कोणत्या महिन्यात किती काम मिळाले, वाटणी किती आली, फंडात किती जमा झाले, हे मी सोळा वर्षांत पहिल्यांदाच पाहिले. आवक चांगली असलेल्या महिन्याची मजुरी आणि मंदीच्या महिन्याची मजुरी यांत जवळजवळ दुपटीचे अंतर होते. मग ते म्हणाले, "खर्चाचं मी बघतो रं. पर उद्या माझा गुडघा बसला, तर त्या दिवशी तू कुठं आसशील, तेवढं सांग."

मला उत्तर देता आले नाही. पन्नास किलोच्या गोण्या पंचवीस वर्षे पाठीवर वाहिलेला माणूस हा प्रश्न उगाच विचारत नसतो, हे कळायला मला दोन वर्षे लागली. 2021 च्या पावसाळ्यात ट्रकच्या फळीवरून त्यांचा पाय घसरला आणि ते चार महिने घरी बसले. गुडघा आधीपासूनच दुखत होता आणि त्यांनी तो आमच्यापासून लपवला होता, हे आईने नंतर सांगितले. मी तेव्हा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुढच्या मे महिन्यात माझ्या हातात पदविका आली, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज बाजूला ठेवून मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. पदविकाधारकाला तेव्हा किमान आठ हजार रुपये विद्यावेतन मिळत असे. ते फार नव्हते, पण विजेचे बिल आणि किराणा त्यातून निघायचा. मुख्य म्हणजे फंडाची रक्कम काढावी लागली नाही. नाना हलक्या कामावर परत गेल्यावर 2023 मध्ये मी थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला. आता शेवटचे वर्ष उरले आहे.

मी बारावी करून थेट पदवीला गेलो असतो तर कदाचित आज एक वर्ष पुढे असतो. पण त्या पावसाळ्यात माझ्या हातात बारावीच्या गुणपत्रिकेखेरीज काहीही नसते, आणि पहिल्या वर्षाचे शुल्क समोर उभे असते. तू कमी खर्चाची वाट शोधतो आहेस. मला वाटते तू आधी हे पाहावेस की घरात काही घडून वाट मध्येच सोडावी लागली, तर कोणत्या टप्प्यावर तुझ्या हातात काय असेल. आपल्यासारख्या घरांत थांबावे लागणे हा अपवाद नसतो, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या थोरल्या चुलत्यांच्या आजारपणात काय झाले, ते तू पाहिले आहेस.

या मापाने पाहिले तर पुण्याच्या रस्त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. तुझ्या कुवतीबद्दल शंका मुळीच नाही. पण माझा मावसभाऊ सदाशिव पेठेत तीन वर्षे राहिला. खोलीचा वाटा, मेस, अभ्यासिका आणि पुस्तके मिळून महिन्याला नऊ-दहा हजार जात, आणि दोन वेळा पूर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही तो घरी परतला तेव्हा त्या तीन वर्षांचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. यंदापासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे लिहिण्याचा सराव नव्याने करावा लागणार आणि दोन वर्षांचा हिशेब सहज तीनवर जाणार. तुझे मन त्याच परीक्षेत असेल तर मराठा-कुणबी मुलांसाठीच्या सरकारी सारथी संस्थेच्या प्रशिक्षणाची निवड परीक्षा दे. तिथे मोफत शिकवणीबरोबर विद्यावेतनही मिळते. आमच्या बाजूला ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुखांच्या नावाची प्रशिक्षण संस्था 1987 पासून चालू आहे, तिथेही चौकशी करता येईल. निवड झाली तर जरूर जा. परंतु जमीन गहाण टाकून खोलीचे भाडे भरण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ती जमीन आबांची आहे, तुझी अजून झालेली नाही. हे कठोर वाटेल, पण तुला दुसरे कोणी सांगणार नाही.

एमसीएचे गणित मात्र मी कागदावर मांडून पाहिले. समज, दरवर्षी दीड लाख याप्रमाणे तू तीन लाखांचे कर्ज घेतलेस आणि व्याजाचा दर 10 टक्के आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरते. म्हणजे ओढ्याकडच्या तुकड्याचा प्रश्नच येत नाही. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नसला तरी व्याज चालूच असते, आणि इथेच पुष्कळजण फसतात. या तीन वर्षांत साध्या व्याजाचे 75,000 रुपये होतात आणि ते मुद्दलात मिसळले की फेडायची रक्कम 3,75,000 होते. पाच वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याला सुमारे 7,970 रुपये. याउलट, शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलास, म्हणजे पहिल्या वर्षी 1,250 आणि नंतर 2,500 रुपये, तर पुढचा हप्ता सुमारे 6,370 वर येतो. आधी भरलेल्या 75,000 मुळे नंतरचे सुमारे 95,600 वाचतात. शिवाय असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला काही बँका दरात थोडी सवलतही देतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि महाविद्यालय नॅक किंवा एनबीएचे मानांकन असलेले असेल, तर हप्ता नसलेल्या या तीन वर्षांतले व्याज केंद्र सरकार भरते, अशीही योजना आहे. मात्र तिचा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. बँकेत गेलास की हे आपणहून विचार, कारण खिडकीपलीकडचा माणूस सांगेलच असे नाही.

आता कमाईची बाजू. ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये माझे दोन वर्गमित्र लागले आहेत आणि हातात येणारा पगार बावीस ते पंचवीस हजार आहे. त्यात खोली भाड्याने घेऊन राहायचे, गावी पाठवायचे आणि आठ हजारांचा हप्ता भरायचा, हे जमते पण जेमतेम. महाविद्यालये फलकावर सगळ्यात मोठ्या पगाराचा आकडा लावतात. तू आपल्या डोक्यात सगळ्यात लहान आकडा ठेव आणि त्यावर हप्ता बसतो का ते पाहा. बसत असेल तर जा. माझा कल याच रस्त्याकडे आहे. सीईटी तू दिलीच आहेस, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच जागा घे आणि व्यवस्थापन कोट्याच्या वाटेलाही जाऊ नकोस. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मे शिक्षण शुल्क वाचते आणि तीन लाखांचा आकडा त्यामुळे बराच खाली येऊ शकतो.

इथे माझा एक कडवट अनुभव सांगतो. माझ्या महाविद्यालयाने, ज्याचे नाव मी लिहीत नाही, प्रवेशाच्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज हातात असतानाही पूर्ण शुल्क मागितले. "नंतर परत करू" असे तोंडी सांगितले गेले. नानांनी टोळीतल्या दोघांकडून उसने घेऊन ते भरले. नंतर वर्गातल्या एका मुलाकडून कळले की त्याने शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी मागणी केली आणि त्याच्याकडून निम्मेच घेतले. मला त्या दिवशी त्या खिडकीपुढे लाज वाटली होती, आणि लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो. पैसे कमी आहेत हे सांगण्याची ही लाज आपल्याला फार महाग पडते. तू जाशील तेव्हा प्रत बरोबर ने, आणि हवे तर मला ने.

सायलीबद्दल तू जे लिहिलेस ते वाचून मी थोडा रागावलो होतो. "ती बीएस्सी करेल, दोघांचे एकदम झेपणार नाही," हे तिला विचारून ठरले आहे का? 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे तुमच्या घरात अभियांत्रिकी सगळ्यात स्वस्त पडणार असेल तर ती तुला नाही, तिला. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्के राहतातच, ते मी नाकारत नाही. पण कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तुमच्यापासून किती दूर आहे? तिच्या सीईटीचा निकाल याच महिन्यात आहे. त्याआधी आबांना बसवून, नानांनी चिठ्ठ्या काढल्या तसे घरातले सगळे आकडे तिच्यापुढे ठेव. तिने तुमच्या खिशाचा अंदाज मनातल्या मनात बांधून आधीच माघार घेतली असेल, अशी मला दाट शंका आहे. मी तिला लहानपणापासून ओळखतो. जत्रेतही ती आधी किंमत विचारायची आणि मग "मला नको" म्हणायची.

कराडच्या नोकरीबद्दल एवढेच, की प्रवेशाचे निश्चित होईपर्यंतचे दोन-अडीच महिने ती करायला हरकत नाही. चोवीस-पंचवीस हजार साठले तर पहिल्या सव्वा वर्षाचे व्याज त्यातूनच निघेल.

दाखल्यांचे मात्र आजच सुरू कर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर दोघांसाठीही लागतील. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो. महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या, अर्जासाठी बँक खाते आधारशी जोडलेले हवे, आणि सायलीचे स्वतंत्र खाते नसेल तर उद्याच उघड.

राहण्याचे मी नानांशी बोललो आहे. खाट एकच आहे, पण मी गेली दोन वर्षे पोटमाळ्यावर झोपतो आणि तिथे दोघांची अंथरुणे मावतात. पहिले सहा महिने तू आमच्याकडेच राहायचेस, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. मेसचे पैसे आईला द्यायचे नाहीत, दिलेस तर ती माझ्यावर ओरडेल. त्याऐवजी गावाहून नाचणी आणि तांदूळ आणत जा. कागदपत्रांच्या मूळ प्रतींबरोबर प्रत्येकी पाच छायांकित प्रती काढून आण, इथे पावसात झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी असते. एसटीने कळंबोलीला उतरलास की फोन कर, मी घ्यायला येतो.

आबा-काकूंना नमस्कार. सायलीला हे पत्र वाचायला दे.

तुझा,
संदीप