कंप्रेसर बंद करायला लावणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फार काही वाचत नाही, पण तुमची गॅरेजातली पोरं वाचतात. ती दाखवतील म्हणून इथंच लिहितेय. तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून पुढच्या गाडीकडं वळता. या वेळी ती सोय ठेवलेली नाही.

माझी बुलेट जुन्या बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायाच्या गिअरची. आधीच्या मालकानं तिच्यात हौसेनं ‘परफॉर्मन्स’ कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व उघडणारे फिरते भाग, टाकले होते आणि एअर फिल्टरची पेटी काढून उघडा कोन फिल्टर लावला होता. सायलेन्सरचा ठोका मला गोडच वाटतो, त्याबद्दल तक्रार नव्हती. त्रास होता तो मांडीखालून येणाऱ्या आवाजाचा. सकाळी शाळेसाठी तासगावला निघालं आणि कवठे एकंदच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीमागं अडकलं, की झालंच. गाडी हळू, जरा अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कार्बोरेटरच्या तोंडातून घर्र-फस्स, घर्र-फस्स. शाळेत पहिला तास होईपर्यंत तेच कानात.

तुमच्याआधी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांच्याबद्दल थोडं बोलतेच. कुणी सायलेन्सर बदलायला लावला. कुणी गाडी चालू करून न बघताच टॅपेटवर खापर फोडलं. एका चकाचक गॅरेजात तर प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या भावाला मिळत होती. भाऊ बिचारा मान डोलवत होता. त्याला स्कूटी डबल स्टँडला लावता येत नाही. वर शेवटी मला ऐकवलं, ‘मॅडम, बुलेट म्हटल्यावर आवाज असणारच.’

तुमच्याकडं आले तेव्हाही भाऊ सोबत होता. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मागं वळून ओरडलात, ‘कंप्रेसर बंद कर रे!’ मग रेडिओही बंद करायला लावलात. हवा भरायला थांबलेला रिक्षावाला कुरकुरला, तर त्याला म्हणालात, ‘थांब की जरा, ताई बोलतायत.’ आणि माझ्याकडं बघून, ‘हं, सांगा. कधी येतोय आवाज? उभ्या गाडीत का चालत्या?’

भावाकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाही. नंतर त्याला चहा पाजलात, ते वेगळं.

गाडीचं पुढं जे व्हायचं ते झालं, पण काका, मला त्या मिनिटाचं अजून नवल वाटतं. इतके दिवस माझं बोलणं म्हणजे कामातला अडथळा होता. तुमच्याकडं त्या बोलण्यासाठी काम थांबलं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवून कान देऊन बसतात, तसे तुम्ही गाडीशेजारी उकिडवे बसलात. फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडासमोर एक जुना पांढरा कपडा धरलात आणि हलकी रेस द्यायला लावलीत. कपड्यावर पेट्रोलचे बारीक शिंतोडे. ‘आत जायचं ते बाहेर येतंय, बघा.’

मग कॅमचं सांगितलंत. कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो आणि व्हॉल्व कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्याच्या उंचवट्यावर ठरतं. माझ्या गाडीतले कॅम वरच्या आरपीएमचे. इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व, लवकर उघडणार, उशिरा मिटणार, आणि दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहण्याचा वेळही लांब. इंजिन जोरात फिरत असलं की आत येणाऱ्या हवेला वेग असतो, तेव्हा ते चालून जातं, फायद्याचंही ठरतं. ट्रॉलीमागं तो वेग कुठला? जळका वायू इनटेककडं उलटा शिरतो. पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व मिटलेला नसतो, म्हणून भरलेलं मिश्रण मागं ढकललं जातं. तो धक्का आवाज होऊन बाहेर पडतो, आणि दाबायला पेटी नाही. ‘70 मिलिमीटरचा बोर, 90 चा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडर अरुंद, पिस्टनची धाव लांब; 346 सीसी. ही खालून ओढणारी गाडी, ताई. हिला पळायचे कॅम कशाला?’

तरी लगेच इंजिन खोललं नाहीत. आधी पेटी बसवून बघा, तेवढ्यात भागलं तर खर्च वाचेल, म्हणालात. पेटीनं आवाजाची धार गेली, पण हळू चालवताना फुसफुस राहिली, तेव्हाच कंपनीच्या मापाचे कॅम घातलेत. तेही तोटा आधी सांगून: ‘वरच्या स्पीडला जरा कमी पडंल, चालंल ना?’ मला तासगावला जायचंय काका, शर्यतीला नाही.

तोटा आधी सांगणारी माणसं आहेत अजून. आमच्या मंडईतल्या मावशी वजन करताना मऊ पडलेला टोमॅटो स्वतःच बाजूला काढतात. अशा माणसांच्या दुकानावर मोठी पाटी नसते आणि त्यांचं नाव गावाबाहेर जात नाही, याचा मला कधीकधी रागच येतो.

आता गाडी ट्रॉलीमागं शांत चालते. सायलेन्सरचा ठोका तेवढा ऐकू येतो, तो हवाच होता. जुने कॅम तुम्ही ऑइल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलेत, ‘फेकू नका, चांगला माल आहे’ म्हणालात. ते कपाटात आहेत. शाळेतल्या एका सरांचा मुलगा मागतोय; त्याच्याही बुलेटचं इंजिन बिडाचंच. त्याला गाडी घेऊन तुमच्याकडंच पाठवते. त्याच्या गाडीला ते चालतील का, हे तुम्ही ऐकून सांगा, मगच देईन.

तुमची,
तासगावच्या शाळेतली बुलेटवाली ताई