सूचना : पुढच्या अंगणाला भिंत किंवा फाटक घालण्याआधी

इंग्लंडमध्ये घर असलेल्या सभासदांसाठी. वाहनांच्या रस्त्यालगत १ मीटर, इतरत्र २ मीटर उंचीपर्यंतच्या कुंपणाला सहसा कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) परवानगी लागत नाही. भिंतीवर लावलेली लाकडी जाळीही त्या उंचीत धरतात. फसगत बहुधा तिथेच होते. मात्र ‘ओपन प्लॅन’ (पुढची अंगणं कुंपणाविना मोकळी ठेवलेल्या) वसाहतींत ही सूट वसाहतीच्या मूळ मंजुरीतच अनेकदा काढून घेतलेली असते. मग दोन विटा उंचीच्या भिंतीलाही अर्ज करावा लागतो. म्हणून आधी कौन्सिलकडून मूळ मंजुरीपत्र मिळवा आणि त्यातल्या अटी वाचा. टायटल डीडमधली (घराच्या मालकीच्या कागदांतली) बंधनं वेगळी. कौन्सिलने हो म्हटलं तरी ती सुटत नाहीत. शेजाऱ्याने भिंत घातलीय, हा तुम्हालाही ती चालते याचा पुरावा नव्हे. फाटक आतल्या बाजूलाच उघडावं, फुटपाथवर नको. अर्जाच्या निकालाला साधारण ८ आठवडे लागतात. तोवर गवंड्याला आगाऊ पैसे देऊ नका.