फुकट काय द्यायचं अन् कुठपर्यंत, लेकीला पत्र

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. पहिल्या दहा कंपन्यांना एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठं वाया जाते ते मोजून सांगायचं तुझं काम, फ्री, असं कार्ड छापून वाळूज एमआयडीसीमधी वाटायचं म्हणायलीस. फोनवर बोलावं म्हणलं तर तुझी आई मधीच फोन घेते अन् जेवलीस का इथून सुरू होतं, म्हणून लिहूनच पाठवतो. सेलूत सकाळपासून लाईट नाही, लाईनचं मेंटेनन्स चालू आहे म्हणे, आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दुसरं कामही नाही.

आधी हे सांगतो की फुकट द्यायला माझी ना नाही. नवीन माणसाला कोण विचारतंय. मोठ्या कारखान्यांचं वेगळं, २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानं त्यांच्यातल्या जास्त वीज खाणाऱ्यांमागं ऑडिट लागलेलंच आहे, ते बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या ब्युरोचं, सर्टिफिकेट बघून कुणाला तरी बोलवतातच. पण तू जायलीस कुणाकडं, तर शेडमधले प्रेसवाले, मोल्डिंगवाले, पावडर कोटिंगवाले. त्यांच्यावर कसली सक्ती नाही अन् लाईट बिल म्हणजे आलं की भरायचं एवढंच त्यांना माहिती. अशा माणसाला बिलातून पैसे गळायलेत म्हणून सांगायचं तर आधी थोडं दाखवावंच लागणार, अन् ते दाखवायचे पैसे तो देणार नाही हे उघडच आहे.

पण कार्डावरचा तो शब्द मला खटकतोय. फ्री ऑडिट म्हणणारी तिथं तू काही पहिली नाहीस. बिल कमी करायला म्हणून कपॅसिटरचे पॅनल विकणारे तेच म्हणतात, सोलरवाले तेच, कॉम्प्रेसरवाले पण तेच. येतात, शेडमधी एक चक्कर मारतात, चहा पितात अन् रिपोर्टच्या शेवटच्या पानावर त्यांचाच पॅनल लागतो असं निघतं. आपल्याकडं कृषी सेवा केंद्रात काय होतं बघ की, सोयाबीन पिवळं पडलं म्हणून शेतकरी झाड उपटून घेऊन जातो, सल्ला फुकट मिळतो अन् निघताना पिशवीत बाटल्या असतात. हे लोकांना कळत नाही असं नाही, पुरतं कळतं. म्हणून फ्री वाचलं की मालकाच्या मनात पहिलं हेच येणार, ही पोरगी काय विकायला आलीय. अन् तू तर काहीच विकत नाहीस! पॅनल लागतच नाही, आहेत त्यातले मेलेले कपॅसिटर तेवढे बदला, असं तू सांगू शकतीस कारण तुला कुणाचं कमिशन नाही. तुझी किंमत त्याच्यातच आहे. त्यापेक्षा कार्डावर सरळ लिही की आम्ही कुठलंही मशीन, पॅनल किंवा सोलर विकत नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. माझ्या मते हे वाक्य फ्री ऑडिटच्या वर मोठ्या अक्षरात पाहिजे.

आता कुठपर्यंत फुकट, ते बोलतो. आपल्या दुकानात मोटार घेऊन आलेल्याकडून मी नुसतं बघायचे पैसे घेत नाही हे तुला माहितीच आहे. रब्बीला पाणी द्यायला सुरुवात झाली की रात्रीची लाईट, व्होल्टेज कमी, एखादा फेज गेला की मोटारी जळायच्याच, सकाळी शटर उघडायच्या आधी ट्रॉलीत सबमर्सिबल येऊन पडलेली असते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावलं, वायंडिंग बॉडीला लागलंय का नुसती केबलच गेलीय ते तिथल्या तिथं सांगतो. तो उठून दुसऱ्या दुकानात गेला तरी माझी पाच मिन्टंच गेली. उघडून बघायचं म्हणलं की मात्र उघडायची मजुरी लागते, ती आधी सांगतो, काम इथंच केलं तर बिलातून वजा करतो, पाटीवरच लिहून ठेवलंय म्हणून भांडण नाही. मला हे परवडतं कारण माझं काम त्याच्या पुढं आहे, तांब्याची तार, वार्निश, माणसाची मजुरी.

तुझ्याकडं तांबं नाही बाळा, तुझा मालच सांगणं आहे. एकदा तू कागदावर लिहून दिलंस की कॉम्प्रेसर सात बारवरून सहावर आणा, हवा या या जॉइंटला गळतेय, ही मोटार लोडच्या मानानं मोठी बसलीय, तर त्याचा इलेक्ट्रिशियन तोच कागद हातात घेऊन सगळं करतो. एक बार कमी केलं तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते हे तूच मला सांगितलं होतंस, मग एवढं सांगून झाल्यावर तुझ्याकडं विकायला राहिलं काय? मालक म्हणणार फार छान काम केलं मॅडम, पुढच्या वर्षी नक्की बघू. अशा दहा जणांचे फुकट रिपोर्ट करत बसलीस तर तीन महिने त्यातच जातील, अन् वीज मोजायला घेतलेल्या त्या अ‍ॅनालायझरचा हप्ता काय थांबणार आहे होय.

म्हणून माझं म्हणणं असं की बिल वाचायचं फुकट ठेव अन् शेडमधी पाय ठेवला की पैसे. बारा महिन्याची बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घे. वीस किलोवॅटच्या वर लोड असणाऱ्यांना अन् हाय टेन्शनवाल्यांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या नाही तर लाईनवरून ओढलेल्या सगळ्या विजेवर बिल येतंय, पण मालकाला विचार बरं हे काय असतंय, तो अकाउंटंटकडं बघतो अन् अकाउंटंट छताकडं. त्याला त्याच्याच बिलावर पेनानं गोल करून दाखव. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली कामाला किती लागते तो आकडा, ०.८५ आहे ना, मग काम ८५ युनिटाचं होतंय अन् बिल १०० चं भरायलात, हाच ०.९९ वर नेला तर त्याच कामाला ८६ लागतील. पहिले पॉवर फॅक्टरचा दंड बिलात वेगळा दिसायचा, लोकांना टोचायचा, आता तो युनिटातच मुरतो म्हणून कुणाला टोचत नाही. मग कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीकडून करारानं मागून ठेवलेला लोड बघ, शेड घेताना उगी मोठी घेऊन ठेवलेली असते, एवढी वापरलीच जात नाही तरी डिमांड चार्ज चालू. मग टीओडीचे, म्हणजे वेळेप्रमाणं बदलणाऱ्या दराचे तास बघ, महागाच्या वेळी काय चालतंय अन् ते सरकवता येतं का. तुझ्यासारखीला हे अर्ध्या तासाचं काम, रूमवर बसून होतं, पेट्रोल लागत नाही. त्यातून मालकाला आकडा मिळतो की महिन्याला साधारण एवढे जायलेत. कुठल्या मशीनवर अन् कशानं जायलेत ते बिलात नसतंय, त्याला जागेवर येऊन मोजावं लागतं, अन् तिथून तुझी फी सुरू.

मोजल्याशिवाय कळत नाही हे मालकाला पटवायला एक खरी गोष्ट सांगत जा. मागच्या सीझनला इकडच्या एका जिनिंगमधी मोटारीसाठी बोलावलं होतं, तिथं कपॅसिटर पॅनलवर सगळे दिवे लाल पेटलेले, त्यांचा माणूस छातीठोक सांगत होता की कपॅसिटर ओके. मी टाँग टेस्टर, वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा तो, काढून एकेका लाईनला लावला तर तिघांना करंटच नाही, काटा जागचा हलंना. दार उघडून बघितलं तर डबे बेडकासारखे फुगलेले अन् वर कापसाचा धूळ-फुफाटा बसलेला. दिवा फक्त काँटॅक्टर, म्हणजे आतला स्विच, ओढला एवढं दाखवतो, कपॅसिटर जिवंत आहे का मेलाय हे नाही. दिव्याकडं बघून ओके म्हणायची सवय सगळीकडंच आहे, तुला वाळूजमधीही भेटंल.

अन् बिल बघितल्यावर त्यात काहीच निघंना, पॉवर फॅक्टर चांगला, डिमांड बरोबर, तर तसं तोंडावर सांग की साहेब तुमच्याकडं माझं काम नाही. मसिआच्या, त्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या, मीटिंगला अन् चहाच्या टपरीवर हे मालक एकमेकांशी काय बोलतात माहितीय का, अमुक माणूस आला होता अन् त्यानं काय गळ्यात मारलं. त्यात एकानं जरी म्हणलं की ती मॅडम तर काही नको म्हणाली, तर ते तुझ्या हजार कार्डांच्या बरोबरीचं आहे. तुझ्या मामाचं पोरगं सीए झालं, त्याला तर गिऱ्हाईक मागायला जायलाच बंदी, १९४९ च्या त्यांच्या कायद्यातच आहे, तरी त्याचं ऑफिस चालतंय ना असंच एकाचं ऐकून दुसरा येऊन. तुला तर दारात जायला कुणाची आडकाठी नाही.

तरी एखाद-दोन ठिकाणी पूर्ण ऑडिट फुकट करावं लागंल, दाखवायला पहिलं काम पाहिजे ना. पण ते कुणाकडं करायचं हे तू ठरव, जो मागंल त्याला देऊ नको. मागणारा बहुतेक वेळा कुणालाच पैसे न देणारा असतो. एक मोल्डिंगवाला निवड, एक प्रेस शॉप, जिथला मालक स्वतः शेडवर असतो अन् चार जणांत ऊठबस करतो. त्यालाही बिल दे. ऑडिट फी एवढी, सूट एवढी, देय शून्य. म्हणजे त्याच्या तोंडून पुढच्याला रेट कळंल, नाहीतर तो सगळीकडं सांगत फिरंल की ती फुकट करते. अन् फुकटाच्या बदल्यात सुरुवातीलाच मागून घे, सहा महिन्यानं बिलं पाठवायची, ते आकडे मला दुसऱ्याला दाखवू द्यायचे, अन् ओळखीच्या दोन मालकांना माझ्यासमोर फोन लावायचा. संकोच करू नको, तू त्याला हजारोंचं काम द्यायलीस.

बचतीतला हिस्सा घेईन, आधी काही नको, असं पण तुझ्या डोक्यात आहे असं आई म्हणाली. ऐकायला चांगलंय. ईईएसएलनं कितीतरी शहरांत रस्त्याचे एलईडी दिवे तसेच लावले, खर्च आधी त्यांचा अन् वसुली बचतीतून. पण ती सरकारी कंपनी, वर्षानुवर्षं थांबू शकते. तुझ्या बाबतीत काय होणार, मालकाला ऑर्डर जास्त आली, तिसरी शिफ्ट चालू केली, बिल वाढलं, अन् मग म्हणणार कुठं झाली बचत दाखवा. त्यामुळं असं करायचंच असलं तर आधी किलोमागं किंवा नगामागं युनिट किती लागतंय ते दोघांच्या सहीनं कागदावर घे, नंतर बिलाचा आकडा मधी आणायचाच नाही. अन् तरी निम्मी फी आधी घे. मला तर वाटतं सध्या या भानगडीत पडूच नको.

नातेवाइकांचं सांगायचं राहिलं. लातूरच्या मामाच्या दाळमिलचं फुकट करणारच आहेस, कर, पण त्याला मार्केटिंग म्हणू नको, ते नातं आहे, त्यातून काम येईल म्हणून वाट बघत बसलीस तर नातंही जाईल. अन् शेतकऱ्यांच्या पंपांचं ऑडिट करायचं तुझं जुनं स्वप्न आहे ते सध्या बाजूला ठेव. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून सरकारनं वीज मोफत केलीय, जिथं बिलच नाही तिथं बिल वाचवायचा सल्ला तू फुकट दिलास तरी कोण घेणार. जुन्या मोटारी पुन्हा पुन्हा रिवाइंड करू नका, कमी वीज खाणाऱ्या आयई३ दर्जाच्या नव्या घ्या असं तू रिपोर्टात लिहितीस ते मात्र या बाजूला लई पसरवू नको, बापाचं दुकान अजून चालू आहे. मस्करी करायलोय. लिही, खरंच आहे ते. वायंडिंग काढताना स्टेटर जास्त तापवला की कोर खराब होतो अन् मग ती मोटार जन्मभर जास्त वीज खाते. मी जपून करतो, सगळे करत नाहीत.

त्या जिनिंगच्या मालकाला तुझ्याबद्दल बोललोय. बिलं बघायचे पैसे नाहीत पण जागेवर येऊन मोजायचे लागतील, हे मी आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला लेक तुमची अन् पैसे कसले, मी म्हणलं मोटारीचे देता ना तसेच. हसला, पण नाही म्हणला नाही. बिलं काढून ठेवायला सांगितलीत, फोटो आले की तुला टाकतो. रक्कम मी सांगितलेली नाही, ती तू ठरवून मला कळव, अन् कमी लावू नको, त्याचा कापूस चांगल्या भावानं गेलाय. दिवाळीनंतर जिनिंग चालू झाली की मराठवाडा एक्सप्रेसनं ये, अ‍ॅनालायझर घेऊन ये, क्लॅम्प विसरू नको, माझा टाँग टेस्टर जुना आहे, त्याच्यावर तुझा रिपोर्ट व्हायचा नाही.

तुझे बाबा