स्वल्पविरामाआधी डीओआय तपासा

महोदय,

पीएचडीच्या दर्जाची चर्चा निघाली की ती वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीपाशी येऊन थांबते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे पुण्यातल्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच नियमावलीतली दुसरी तरतूद मात्र कुणी बोलून दाखवत नाही: साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची. तरतूद रास्तच आहे, कारण एकच निबंध दोघांनी उद्धृत केला तर नोंद सारखी दिसणारच. पण त्यामुळे होते असे की साम्य मोजणारे सॉफ्टवेअर ही यादी बघत नाही, गाईड शेवटच्या पानांपर्यंत पोहोचत नाहीत आणि जर्नलकडे पाठवायच्या आदल्या दिवशी ती डीटीपीच्या दुकानात जाते. तिथे स्वल्पविराम, ठळक अक्षरे, तिरपी अक्षरे मन लावून एकसारखी केली जातात. चुकीचे वर्ष आणि भलताच पान क्रमांक तसाच राहतो, फक्त आता नीटनेटका दिसतो.

संदर्भ लिहिण्याची शैली क्रमांकांची व्हँकूवर की लेखक-वर्षाची एपीए, हा विभागाविभागांत रंगणारा वाद खरे तर दुय्यम आहे. अनेक मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स पहिल्या सबमिशनला कोणतीही शैली चालवून घेतात. ती यादीभर एकच असावी एवढीच अट. (तरी लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यातच, काही जर्नल्स अजून अडून बसतात.) शिवाय झोटेरो, मेंडले, एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरांत शैली बदलणे हे क्षणाचे काम आहे. आत भरलेली माहिती खरी आहे की नाही, हे मात्र यांपैकी कुणीही सांगत नाही.

माहिती भरण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग डीओआयचा, म्हणजे निबंधाला दिलेल्या कायमच्या ओळख क्रमांकाचा. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत तो बहुधा नसतोच. झोटेरोत जादूच्या कांडीचे बटण आहे. तिथे १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय चिकटवला की नोंद आपोआप तयार होते. मग निबंधाची पीडीएफ उघडून पहिल्या पानाशी ती ताडून बघायची. हे टाळता येत नाही, कारण प्रकाशकांनी पुरवलेल्या माहितीतही शीर्षक सगळे कॅपिटल अक्षरांत येते, तिरप्या अक्षरांतले जीवाणूचे नाव सरळ होते, कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रातला दोन खाली न उतरता ओळीत बसतो. वर्षाचा घोळ तर नेहमीचा: निबंध २०२१ च्या डिसेंबरात ऑनलाइन आला, अंकात २०२२ मध्ये छापला गेला, आणि मजकुरात एक वर्ष पडले, यादीत दुसरे. खंड आणि अंक देत असाल तर वर्षही त्या अंकाचेच द्यावे.

पान क्रमांकांची चूक याहून जास्त दिसते. आता पुष्कळ जर्नल्सना पाने नसतात, प्रत्येक निबंधाला लेख क्रमांक असतो. ते न कळल्याने पीडीएफची पाने मोजून '१ ते १२' लिहिले जाते. अशा नोंदीवरून निबंध शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

लेखकांच्या नावांत आपल्याकडची चूक खास आपली आहे. आपण आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव अशा क्रमाने लिहितो. हे सगळे स्वल्पविराम न देता एका रकान्यात टाकले तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरते, आणि पाटील बाईंचा निबंध नवऱ्याच्या नावाखाली लागतो. दक्षिणेकडच्या अनेक लेखकांना आडनावच नसते. तिथे अंदाज न करता निबंधावर नाव जसे छापले आहे तसे घ्यावे. नावे सगळी भरावीत. किती छापायची ते शैली ठरवते: व्हँकूवरमध्ये सामान्यतः पहिली ६ आणि पुढे 'एट अल' (आणि इतर), एपीएच्या सातव्या आवृत्तीत २० पर्यंत सगळी. लेखकाच्या रकान्यात हातानेच 'एट अल' लिहिले तर 'अल' आडनावाचा एक नवा शास्त्रज्ञ जन्माला येतो. छापील निबंधांतही तो भेटतो.

वर्डऐवजी लाटेकमध्ये निबंध जुळवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: त्यात संदर्भसूची बनवणाऱ्या बिबटेक्सच्या बऱ्याच शैली शीर्षकातली कॅपिटल अक्षरे लहान करतात. डीएनए, डेक्कन ट्रॅप असे शब्द महिरपी कंसात ठेवावेत. जर्नलचे संक्षिप्त नावही मनाने बनवू नये. 'नेचर', 'सायन्स' अशी एकशब्दी नावे तोडतच नाहीत.

मराठी ग्रंथाचा संदर्भ इंग्रजी निबंधात देताना शीर्षक रोमन लिपीत, पाठोपाठ चौकोनी कंसात त्याचे भाषांतर, आणि व्हँकूवरमध्ये शेवटी भाषेचे नाव. जुन्या पुस्तकांना, सरकारी अहवालांना डीओआय नसतो; तिथे प्रकाशक, गाव, अहवाल क्रमांक द्यावा.

वर्डमध्ये झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरच्या प्लगइनने घातलेले संदर्भ म्हणजे साधा मजकूर नव्हे, मूळ नोंदींशी जोडलेले दुवे असतात. यादीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशला पुसली जाते, म्हणून दुरुस्ती मूळ नोंदीतच करावी. गाईडनी फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून परत पाठवली की हे दुवे अनेकदा तुटतात. त्यानंतर यादीतून मधला एक संदर्भ काढला तर यादीतले पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात, मजकुरातले तसेच राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. क्रमांक पद्धतीत आणखी एक पेच आहे. फक्त तक्त्यात आलेल्या संदर्भाचा क्रमांक, त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो त्या जागेवरून ठरतो. तक्ते शेवटी जोडलेले असले की सॉफ्टवेअर त्यांना शेवटचे क्रमांक देऊन मोकळे होते.

आता गंभीर भाग. एका बड्या प्रकाशकाच्या लेखक-मार्गदर्शिकेत नमुन्यादाखल दिलेला, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेला एक निबंध शेकडो ठिकाणी उद्धृत झालेला २०१७ मध्ये उघड झाला. तेव्हा तो निष्काळजीपणा होता. आता एआय चॅटबॉट असे संदर्भ मागाल तितके पुरवतात: खरे वाटणारे लेखक, खरे जर्नल, आणि डीओआय उघडावा तर तो दुसऱ्याच निबंधाचा किंवा कुणाचाच नाही. न वाचलेला निबंध दुसऱ्याच्या यादीतून उचलणे हेही त्याच जातीचे.

यावर उपाय फुकट आहेत. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या संकेतस्थळावर 'सिंपल टेक्स्ट क्वेरी'मध्ये यादी चिकटवली की जुळणाऱ्या नोंदींचे डीओआय मिळतात. जे जुळत नाहीत ते सगळे खोटे नसतात, जुनी पुस्तके तिथे सापडत नाहीत. पण प्रत्येक न जुळलेली नोंद उघडून बघावी, आणि जुळलेलीही वाचावी. मागे घेतलेल्या निबंधांची 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. झोटेरोही असा निबंध लाल पट्टीने दाखवतो. शेवटी मजकुरातला प्रत्येक संदर्भ यादीत आहे ना, आणि यादीतला प्रत्येक मजकुरात आहे ना, हे दोन्ही बाजूंनी खूण करत तपासावे. लेखक-वर्ष पद्धतीत वर्डमध्ये उघडणारा कंस शोधत गेले की बहुतेक संदर्भ समोर येतात. कंसाबाहेर लेखकाचे नाव घेतलेल्या वाक्यांतही वर्ष कंसातच असते.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्यातले निदान दोन तास प्रत्येकाला स्वतःचीच यादी घेऊन संगणकासमोर बसवावे, आणि गाईडनी सही करण्याआधी यादीतले कोणतेही पाच डीओआय स्वतः उघडावेत, अशी पुण्यातल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना विनंती आहे. फाईल दुकानात द्यायचीच असेल तर दुवे असलेली मूळ प्रत स्वतःकडे ठेवून, प्लगइनमधून दुवे काढलेली दुसरी प्रत द्यावी.

आपला,
संदर्भसूच्या तपासणारा एक वाचक
एरंडवणे, पुणे