‘हरित’ चांदी खाडीत गेल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत हल्ली एक प्रयोग हटकून दिसतो. सिल्व्हर नायट्रेटच्या नितळ द्रावणात तुळशीच्या किंवा कांदळाच्या पानांचा अर्क घातला की ते आधी पिवळसर आणि मग गडद तपकिरी होते, म्हणजेच चांदीचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) तयार होतात. पानांतली पॉलिफिनॉल नावाची संयुगे आणि प्रथिने चांदीच्या आयनांचे (विद्युतभारित अणूंचे) धातूत रूपांतर करतात व त्याच कणांना लपेटून बसतात, त्यामुळे सोडियम बोरोहायड्राइडसारखे घातक रसायन लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास बुरशी वापरून आणि २००४ मध्ये कडुलिंबाच्या पानांपासून असे कण तयार करून दाखवले, याचा मला अभिमानच आहे.

मात्र या कणांना सरसकट ‘पर्यावरणपूरक’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. हरित आहे ती बनवण्याची रीत. बनलेला कण चांदीचाच असतो. जिवाणू मारण्यासाठी ज्या चांदीचा उपयोग होतो, तीच पाण्यातल्या शेवाळाला आणि माशांच्या कल्ल्यांनाही बाधते. शिवाय वनस्पतीच्या वेष्टनामुळे कण एकमेकांना न चिकटता जास्त काळ पाण्यात तरंगत राहू शकतात, म्हणजे जो गुण बाटलीत हवासा वाटतो तोच खाडीत काळजीचा ठरू शकतो.

माझ्या नातीच्या महाविद्यालयात उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतले जाते, असे तिच्याकडून कळले म्हणून मी स्वतः जाऊन पाहिले. बेसिनचा पाइप मागच्या पऱ्यात (ओढ्यात) उघडतो, पाइपाखालच्या चिऱ्यावर तपकिरी ओघळ वाळलेला होता आणि तो पऱ्या पुढे खाडीला मिळतो. त्याच खाडीत ओहोटीला बायका कोयतीने खडकावरची कालवे (शिंपल्यातले खाद्य जीव) काढतात. खाऱ्या पाण्यात बरेचसे कण गोळा होऊन गाळात बसतात आणि तिथल्या गंधकाशी संयोग पावून पुष्कळ चांदी निरुपद्रवी सल्फाइड होते, हे मी जाणतो. एका प्रयोगाच्या पाण्याने खाडी मरते असे मी म्हणत नाही. पण कालव तासाला काही लिटर पाणी गाळून खाते आणि चांदी, तांबे, जस्त अंगात साठवते. ती कालवे आपल्याच ताटात येतात.

नौकांच्या बुडाला लावायच्या रंगात असे कण वापरण्याचे प्रयोग होत आहेत, म्हणून ट्रायब्युटिल टिनची, म्हणजे बुडाला जीव चिकटू नयेत यासाठी अशाच रंगात घातल्या जाणाऱ्या कथिलाच्या विषारी संयुगाची, आठवण ठेवावी. तो रंग आधी जगभर विकला गेला, फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांचे शिंपले वेडेवाकडे, जाड होऊ लागल्यावर १९८२ मध्ये तिथे निर्बंध आले आणि जागतिक बंदी अमलात यायला २००८ साल उजाडले.

मुलांचे प्रयोग थांबवू नयेत. परंतु उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत साठवावे, मीठ घालून शिल्लक आयन सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात खाली बसवावेत आणि तो साका घातक कचरा म्हणूनच सोपवावा. आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द प्रकल्पाच्या फलकावर लिहिण्याआधी ते कण खाडीच्या पाण्यात, कालवांवर आणि तिसऱ्यांवर (खाण्याच्या शिंपल्यांवर) तपासलेले असावेत, एवढा आग्रह मार्गदर्शक प्राध्यापकांनी धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी